गुरुविद्यालयाच्या दिवंगत उपकारकर्त्यांची नावे वेदीपाशी वाचली जावीत

प्रति,
पुणे धर्मप्रांताचे बिशप महोदय, पुण्यातील गुरुविद्यालयांचे रेक्टर व प्राध्यापक फादर, आणि सोलापूर जिल्ह्यातील धर्मग्रामांचे प्रमुख धर्मगुरू व पॅरिश कौन्सिलचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर महिना मृत श्रद्धावंतांच्या स्मरणाचा. २ नोव्हेंबरच्या आधी आठवडाभर सोलापुरातली आपली माणसे कबरस्तानात जातात, गवत काढतात, क्रुसाला चुना नाहीतर रंग लावतात, झेंडूचे हार आणि मेणबत्त्या नेतात आणि आपापल्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी, अकाली गेलेल्या लेकरांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगतात. ज्याचे कोणी मागे आहे, त्याचे नाव त्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या ओठांवर येतेच. परंतु धर्मगुरू घडावेत म्हणून आपल्या कमाईतला वाटा गुरुविद्यालयाला (सेमिनरीला) देऊन जी माणसे देवाघरी गेली, त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना आपल्या धर्मग्रामांत क्वचितच होते. त्यांच्यापैकी कित्येकांना मूलबाळ नव्हते आणि कित्येकांची मुले गिरण्या बंद पडल्यावर पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेली ती गेलीच. म्हणून या पत्राद्वारे मी अशी विनंती करतो की, दरवर्षी नोव्हेंबरात सोलापूर परिसरातील प्रत्येक धर्मग्रामात एक मिस्सा गुरुविद्यालयाच्या दिवंगत उपकारकर्त्यांसाठी अर्पण व्हावी, तीत त्यांची नावे मोठ्याने वाचली जावीत, आणि ती नावे मिळावीत यासाठी गुरुविद्यालयांनी आपापल्या जुन्या वह्या उघडाव्यात.

ही विनंती भावनेच्या भरात केलेली नाही. धर्मगुरूंचे शिक्षण पहिल्यापासून दुसऱ्याच्या पैशावर चालत आले आहे. ट्रेंट येथील धर्मसभेने १५ जुलै १५६३ रोजी प्रत्येक धर्मप्रांताने गुरुविद्यालय उभारावे असा निर्णय केला, तेव्हा श्रीमंतांच्या मुलांना मज्जाव केला नसला तरी प्रामुख्याने गरिबांची मुले निवडावीत असे स्पष्ट म्हटले, आणि त्यांच्या खर्चासाठी धर्मप्रांतातील उत्पन्नांवर पट्टी बसवण्याची तरतूदही केली. गरिबाचा मुलगा आठ-दहा वर्षे घरापासून दूर राहून तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकणार, त्या काळात घरी एक पैसा पाठवणार नाही, उलट त्याच्या जेवणाचा, पुस्तकांचा आणि आजारपणाचा खर्च कोणीतरी उचलणार, हे त्या निर्णयात गृहीतच होते. तो ‘कोणीतरी’ म्हणजेच उपकारकर्ता. आपल्या धर्मग्रामात वेदीवर उभे राहणारे फादर ज्या घरातून आले ते घर आपल्याला माहीत असते. परंतु त्यांच्या ताटात आठ-दहा वर्षे भाकरी कोणी वाढली, हे त्यांना स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसते.

या बाबतीत झान बिगार आणि त्यांच्या मातोश्री स्तेफानी या दोन फ्रेंच स्त्रियांची आठवण करणे मला अगत्याचे वाटते, कारण आपल्या लोकांत त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. १८८९ साली जपानमधील नागासाकीचे बिशप कुझँ यांचे पत्र त्यांना आले. धर्मगुरू होऊ इच्छिणारे जपानी तरुण दाराशी आहेत, परंतु त्यांना पोसण्यापुरता पैसा नसल्यामुळे त्यांना परत पाठवण्याची पाळी आली आहे, असा त्या पत्राचा आशय होता. मायलेकींनी आपली मालमत्ता या कामी लावली, स्वतः काटकसरीने राहिल्या, ओळखी-पाळखीच्या घरांत हात पसरले, आणि त्यातून मिशनप्रदेशांतील स्थानिक धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी संत पेत्र प्रेषिताच्या नावाची संस्था उभी राहिली. १९२२ साली पोपमहोदयांनी ती संस्था आपल्या थेट छत्राखाली घेतली आणि ती आजही जगभरातील गुरुविद्यालयांना मदत करते. १९०३ साली आई गेली. त्यानंतर झान यांचे मन आजाराने असे खचले की आपण सुरू केलेल्या कामाचा विस्तार पाहण्याच्या स्थितीत त्या उरल्या नाहीत. १९३४ साली त्या वारल्या. ज्या बाईने हजारो तरुणांच्या शिक्षणाची सोय लावून दिली, तिची आयुष्याची शेवटची वर्षे अशा अंधारात गेली, हे वाचले की तिच्यासाठी प्रार्थना करण्याचे ऋण आपल्यावर आहे असे मला तरी वाटते. पुण्यवान माणसांना आपल्या प्रार्थनेची काय गरज, असे कोणी म्हणेल. परंतु ती गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचे काम पवित्र सभेने (चर्चने) आपल्याकडे सोपवलेले नाही.

त्याच सुमारास, १८९३ साली, तेरावे लिओ या पोपमहोदयांनी भारतातील तरुणांसाठी सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) कँडी येथे पोपमहोदयांच्या नावाचे गुरुविद्यालय स्थापन केले. हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्या संस्थेचे ब्रीद झाले. पुढे भारत आणि सिलोन हे दोन स्वतंत्र देश झाल्यावर १९५५ साली ते विद्यालय पुण्यात नगर रस्त्यावर आले. सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्याला ते आज हाकेच्या अंतरावर वाटते. परंतु ज्या युरोपीय कुटुंबांनी कँडीच्या इमारतीसाठी आणि विद्यार्थ्यांच्या वार्षिक खर्चासाठी पैसे पाठवले, त्यांनी ना कँडी पाहिले ना पुणे.

स्थानिक धर्मगुरू असणे किती निकडीचे आहे हे आपल्या धर्मप्रांताने स्वतःच्या अनुभवातून शिकले आहे. पुणे धर्मप्रांत १८८६ सालचा, आणि त्याचा भार सुरुवातीच्या काळात मुख्यतः जर्मन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी वाहिला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटिश सरकारच्या लेखी ही सगळी माणसे शत्रुराष्ट्राची ठरली. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे मायदेशी पाठवण्यात आले. १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे आणि १९०७ पासून आपले बिशप असलेले हेन्री डोरिंग यांनासुद्धा कित्येक वर्षे परत येऊ दिले गेले नाही. मधल्या काळात त्यांनी जपानमध्ये हिरोशिमा येथे सेवा केली. गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्या एका सरकारी हुकुमाने मेंढपाळाविना झाल्या. १९१९ साली पंधरावे बेनेडिक्ट या पोपमहोदयांनी मिशनप्रदेशांत तिथल्याच मातीतले धर्मगुरू तयार करण्यावर आग्रहाने भर दिला, त्याची आवश्यकता आपल्याकडे वेगळी पटवून देण्याची गरज नव्हती. १९४९ साली पुण्याला पहिले भारतीय बिशप लाभले. या साऱ्या वाटचालीचा खर्च कोणीतरी केला, आणि तो करणारे बहुतेक सगळे आज हयात नाहीत.

दूरदेशीच्या अनोळखी माणसाचे उपकार स्मरणे म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागू नये. आपल्या भैय्या चौकातल्या घरचा मुलगा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. शिजियाझुआंग येथील त्यांच्या समाधीवर चिनी लोक आजही फुले वाहतात. त्यांतल्या एकानेही कोटणीसांना पाहिलेले नसेल, सोलापूर नकाशात कुठे आहे हेही कित्येकांना ठाऊक नसेल. आपल्या माणसाची परक्यांनी ठेवलेली आठवण पाहून आपला ऊर भरून येतो. मग परक्यांनी आपल्यासाठी जे केले त्याची नोंद ठेवण्यात आपण मागे का राहावे?

आणि उपकारकर्ते म्हणजे काही केवळ परदेशी नव्हेत. माझ्या मते आपल्या विस्मरणाचा खरा फटका बसला आहे तो इथल्या, लहान देणगीदारांना. ज्याने खोली बांधून दिली त्याचे नाव दारावर संगमरवरात कोरलेले असते. परंतु गुरुविद्यालये त्या खोल्यांवर चालत नाहीत. ती चालतात रोजच्या शिधासामग्रीवर. पाचारण रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या काळातील उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, आपल्याकडे गुरुविद्यालयासाठी जी वर्गणी होते तिची एक जुनी वही माझ्या पाहण्यात आली. निळ्या शाईच्या त्या नोंदींत पूर्ण नाव असलेल्या ओळी मोजक्याच. बाकी ‘एक बाई, रु. २’, ‘गिरणीतला माणूस, नाव सांगितले नाही’, ‘विडी कारखान्यातल्या बाया मिळून रु. ११’ असे लिहिलेले. एका ओळीत पैशाच्या रकान्यात आकडाच नाही, तिथे ‘जेकार्ड चादरी, डबल, नग ६, ब्रदरांसाठी’, म्हणजे गुरुविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी, एवढेच आहे, आणि समोर आडव्या रेघेने ‘पोचल्या’ अशी खूण. देणारा यंत्रमागावरचा कामगार असावा. सोलापुरी चादर किती टिकते हे आपण जाणतोच. त्या चादरींनी विद्यार्थ्यांच्या एका पिढीला तरी ऊब दिली असेल, आणि त्या पांघरून झोपलेल्यांपैकी काहीजण आज स्वतः वृद्ध धर्मगुरू असतील. त्याच वहीत मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीच्या पोत्यांचा उल्लेख आहे, शेंगाचटणीच्या डब्यांचा आहे. या माणसांना पावती नको होती, दारावर पाटी तर नकोच होती. विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीत दोन रुपये म्हणजे काय हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच कळेल. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेकडे येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते अशाच लोकांना उद्देशून होते.

आता नियमाबद्दल दोन शब्द, कारण माझी विनंती नवी वाटत असली तरी तिच्यामागचा नियम जुना आणि लेखी आहे. पवित्र सभेच्या १९८३ सालच्या धर्मनियमसंहितेतील १३०७ व्या कलमात असे सांगितले आहे की, धर्मार्थ ठेवलेल्या निधींतून जी कर्तव्ये येतात, उदाहरणार्थ अमुक व्यक्तीसाठी अमुक मिस्सा, त्यांची यादी तयार करून ती ठळक जागी लावावी, जेणेकरून ती कर्तव्ये विसरली जाणार नाहीत. आणि त्याखेरीज पॅरिश प्रीस्ट अथवा रेक्टर यांच्याकडे एक वही असावी, जिच्यात प्रत्येक कर्तव्य, ते पार पाडल्याची नोंद आणि मिळालेले अर्पण लिहिलेले असेल. ९५८ व्या कलमाप्रमाणे मिस्सांच्या हेतूंची वेगळी वही ठेवायची असते आणि धर्माधिकाऱ्याने ती दरवर्षी तपासायची असते. विसर पडण्याची शक्यता माणसाच्या स्वभावात आहे हे जाणूनच कायदा करणाऱ्यांनी ही व्यवस्था लावली. पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१५ साली मृत श्रद्धावंतांच्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली, त्यामागे महायुद्धात पडलेल्यांचा विचार होता तसाच हाही विचार होता की, पूर्वजांनी मिस्सांसाठी ठेवलेले निधी ठिकठिकाणी जप्त झाले किंवा हरवले आणि त्यांच्यासाठीच्या मिस्सा राहून गेल्या.

असे राहून जाणे कसे घडते हे मी एका संस्थेत पाहिले आहे. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. भोजनगृहाच्या भिंतीवर उपकारकर्त्यांच्या नावांची जुनी लाकडी पाटी होती. नूतनीकरणात फरशी बदलली, भिंतींना नवा रंग आला आणि पाटी उतरवून जिन्याखालच्या अडगळीत गेली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते; ठेकेदाराने विचारले असेल ‘ही परत लावायची का’, आणि उत्तर द्यायला त्या वेळी कोणी जागेवर नसेल. त्याच भोजनगृहात जेवणानंतर, तुझ्या नावाकरिता आमचे भले करणाऱ्या सर्वांना सार्वकालिक जीवन दे, ही जुनी प्रार्थना मात्र चालू होती. ज्यांच्यासाठी ती म्हणायची त्यांची नावे जिन्याखाली आणि प्रार्थना वर, अशी ती अवस्था. आदरणीय रेक्टर महोदय, आपल्याकडे असे झाले असेल असे मी सुचवत नाही, परंतु एकदा अडगळीची खोली पाहून घ्यावी.

शुभवर्तमानकारांनी हा विसर पडू दिला नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाच्या आरंभी, गावोगाव फिरणाऱ्या येशूचा आणि बारा शिष्यांचा खर्च आपल्या पैशाअडक्यातून चालवणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे: मग्दालिया मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, आणि सुसान्ना. सुसान्नाबद्दल बायबलमध्ये दुसरी एकही गोष्ट नाही. तिने काय केले, ती पुढे कुठे गेली, काही नाही. तिने प्रेषितांच्या पोटापाण्याला हातभार लावला, एवढ्यासाठी तिचे नाव दोन हजार वर्षे वाचले जात आहे. बारा शिष्य म्हणजे एका अर्थाने पहिले गुरुविद्यालयच होते, आणि त्याच्या उपकारकर्त्यांची यादी पवित्र शास्त्रातच दिलेली आहे.

मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार आपल्याला मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात मिळतो: यहूदा मक्काबीने लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी दोन हजार चांदीच्या नाण्यांची वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवली. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलात हा ग्रंथ नाही, त्यामुळे त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही. पितृपक्षात आपले हिंदू शेजारी सहज विचारतात, ‘तुमच्यात पितर घालतात का?’ त्यांना मी एवढेच सांगतो की आम्ही पिंड देत नाही, पान वाढत नाही, मिस्सा सांगतो. शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांना आमच्या प्रार्थनेचा आणि दानधर्माचा उपयोग होतो अशी आमची श्रद्धा आहे. याहून अधिक स्पष्टीकरण आजवर कोणी मागितलेले नाही.

एक शंका मात्र आपल्यातलेच लोक घेतील, आणि तिचे उत्तर देणे भाग आहे. मृत देणगीदारांची नावे वाचणे म्हणजे जिवंत देणगीदारांना लावलेले आमिष नव्हे काय? परदेशातून येणाऱ्या देणग्यांवरचे नियम २०१० आणि २०२० साली कडक झाले, स्थानिक मदतीची गरज वाढली, म्हणून आता ही युक्ती सुचली, असेही म्हटले जाईल. या शंकेत थोडे तथ्य आहे हे मी नाकारत नाही. नाव वाचले जाईल म्हणून देणारा माणूस जगात असतोच. म्हणूनच माझे सुचवणे असे आहे की नावांसोबत रक्कम कधीही वाचू नये, मिस्साच्या त्या दिवशी गुरुविद्यालयासाठी वर्गणी गोळा करू नये, आणि हयात असलेल्या कोणाचेही नाव घेऊ नये. मृत माणूस दुसऱ्यांदा देणगी देत नाही. त्याच्याकडून काही मिळण्यासारखे उरलेले नसताना आपण त्याच्यासाठी जे करतो, त्यात हिशेबीपणा शिरण्याचा धोका सर्वांत कमी.

प्रत्यक्षात काय करता येईल ते थोडक्यात मांडतो. धर्मग्रामांच्या कपाटांत जुन्या वर्गणीच्या वह्या, पावती पुस्तके आणि मिस्सा-हेतूंच्या नोंदी असतात. कागद ठिसूळ झालेले, काहींना वाळवी लागलेली. पॅरिश कौन्सिलने दोन-तीन निवृत्त माणसांना हे काम द्यावे. असे काम आवडीने करणारे लोक प्रत्येक धर्मग्रामात निघतात आणि त्यांना दुपारी वेळही असतो. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, कारण वहीत ‘एक बाई’ असे लिहिले असले तरी ती कोण होती हे कुणातरी आजीला नक्की आठवत असेल. जमलेली यादी गुरुविद्यालयाला पाठवावी, आणि गुरुविद्यालयाने आपल्याकडची सोलापूरकडील नावे धर्मग्रामांना कळवावीत. ज्यांची नावे कोणत्याही वहीत सापडणार नाहीत त्यांच्यासाठी मिस्सात एक वाक्य वेगळे ठेवावे. प्रशिक्षणाच्या काळात आपल्या धर्मग्रामांत येणाऱ्या ब्रदरांनी १ ते ८ नोव्हेंबरच्या दरम्यान आपल्या कबरस्तानात जाऊन या माणसांच्या कबरींपाशी प्रार्थना करावी. त्या आठवड्यात कबरस्तानाला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला, नेहमीच्या अटी पाळल्यास, मृतांकरिता पूर्ण दंडमुक्ती (पापांबद्दलच्या शिक्षेतून सूट) मिळवता येते, हे त्यांना तर ठाऊकच आहे. सोबत त्या कुटुंबांपैकी कोणी अजून सोलापुरात असेल तर घरी जाऊन चहा घ्यावा आणि आपण कोण, कशासाठी आलो, ते सांगावे. आपल्या आजीने विड्या वळून दिलेल्या पैशांचा उल्लेख एक तरुण ब्रदर घरी येऊन करतो, याचे त्या घराला काय वाटेल हे मी वेगळे लिहीत नाही.

बिशप महोदय, ज्या निधींच्या कर्तव्यांची संख्या मूळ रकमेच्या व्याजाबाहेर गेली असेल, त्यांच्याबाबत निर्णय करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला ठरावीक मर्यादेत दिलेला आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या शंभर रुपयांच्या व्याजात आज एकही मिस्सा होत नाही हे उघड आहे. असे निधी एकत्र करून, त्यांतील सर्व नावांसाठी धर्मप्रांताच्या पातळीवर वर्षातून एक मिस्सा निश्चित करता येईल का, याचा आपण विचार करावा, ही नम्र विनंती. हे पत्र आपण प्रार्थनासभेत किंवा पॅरिश कौन्सिलच्या ऑक्टोबरच्या बैठकीत चर्चेला घ्यावे, म्हणजे याच वर्षीच्या नोव्हेंबरासाठी तारीख ठरवायला वेळ मिळेल. वह्या उतरवून घेण्याच्या कामाला मी स्वतः तयार आहे, चष्मा आणि सवड दोन्ही आहेत.

आपला नम्र,
सोलापुरातील एक श्रद्धावंत